रायफलीच्या नळीच्या तोंडावरील साधने आणि नेमाची अचूकता

अमेरिकेत आज विकल्या जाणाऱ्या अनेक रायफलींच्या नळीच्या टोकाला कारखान्यातच आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर काय बसवावे, हा प्रश्न नव्या ग्राहकासमोर लगेच उभा राहतो. दुकानदार मझल ब्रेक सुचवतो, क्लबमधील जुना सभासद सप्रेसरची महती सांगतो, आणि जाहिराती तर नळीवर एक नळकांडे चढवताच गोळ्यांचा पुंजका निम्मा होईल असे आश्वासन देतात. या दाव्यांत तथ्य किती, हे समजून घेणे केवळ हौशी नेमबाजाला उपयोगी आहे असे नाही. हरणाच्या हंगामात रानात जाणाऱ्या शिकाऱ्याच्या हातून जनावर तत्काळ पडते की जखमी होऊन झाडीत नाहीसे होते, हे कित्येकदा या छोट्या तुकड्याविषयीच्या ज्ञानावर अवलंबून असते. नळीच्या मुखावर बसवल्या जाणाऱ्या अशा सर्व साधनांना या लेखात सोयीसाठी ‘मुखसाधने’ असे म्हटले आहे.

पुंजका आणि पुंजक्याची जागा

‘अचूकता’ या शब्दाखाली दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र येतात, आणि मुखसाधनांविषयीचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. एकाच ठिकाणी नेम धरून दहा गोळ्या झाडल्या, तर त्या लक्ष्यावर किती जागेत पसरतात हा झाला पुंजक्याचा आकार. त्या पुंजक्याचा मध्य नेम धरलेल्या बिंदूवर आहे की त्यापासून दूर, ही झाली पुंजक्याची जागा. जागा चुकली असेल तर दुर्बिणीच्या खुंट्या फिरवून ती दुरुस्त करता येते. नेमबाज यालाच रायफल ‘झीरो’ करणे म्हणतात. पुंजकाच मोठा असेल तर मात्र कोणतीही खुंटी उपयोगी पडत नाही.

या दोन्ही गोष्टी मोजण्याचे परिमाण म्हणजे मिनिट ऑफ अँगल, अर्थात एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो सुमारे १.०५ इंच, तर १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो.

मुखसाधन बसवल्यावर पुंजक्याची जागा बदलणे ही नित्याची बाब आहे. आकार बदलतोच असे नाही. आणि बदलला तर तो घटेल की वाढेल, हे रायफलीगणिक वेगळे असते.

साधनांचे प्रकार

फ्लॅश हायडर नळीबाहेर पडणारे तप्त वायू विखरून ज्वाला लहान करतो. मझल ब्रेक त्याच वायूंना बाजूला आणि काहीसे मागे वळवून खांद्यावर बसणारा धक्का कमी करतो. कम्पेन्सेटर वायूंना वरच्या बाजूने वाट देतो आणि नळीचे तोंड वर उसळण्यापासून रोखतो. सप्रेसर वायूंना पडद्यांनी विभागलेल्या कप्प्यांतून फिरवून थंड व मंद करतो, त्यामुळे आवाज घटतो. ट्यूनर हे मागेपुढे सरकवता येणारे वजन असून नळीच्या कंपनांचा मेळ साधणे एवढाच त्याचा हेतू असतो.

प्रत्यक्षात या सीमारेषा धूसर आहेत. एम-१६ रायफलीवरील सुरुवातीचा तीन दात्यांचा फ्लॅश हायडर झाडाझुडपांत अडकत असे; म्हणून त्याच्या जागी टोक बंद असलेला, पिंजऱ्यासारखा हायडर आला. पुढे १९८०च्या दशकातील एम-१६ए२ आवृत्तीत त्या पिंजऱ्याची खालची बाजू बंद करण्यात आली. त्यामुळे झोपून गोळी झाडताना धूळ कमी उडू लागली आणि नळीची उसळीही थोडी घटली. रशियन एकेएमच्या नळीवरील तिरपा कापलेला तुकडाही असाच. तो उसळीला आळा घालण्यासाठी आहे, ज्वाला लपवण्यासाठी नाही.

साधन कोणतेही असो, गोळीवर त्याचा परिणाम होण्याचे मार्ग तीनच आहेत: गोळी नळीत असताना, गोळी मुखातून सुटताना, आणि गोळी गेल्यानंतर नेमबाजाच्या द्वारे. प्रत्येक दाव्याला यांपैकी कोणता मार्ग लागू पडतो हे पाहिले, की त्याचे मोल आपोआप कळते.

गोळी नळीत असताना: वजन आणि कंप

काडतुसातील दारू पेटल्यानंतर .३०८ विंचेस्टरची गोळी सुमारे एक ते दीड मिलिसेकंदात नळीबाहेर पडते. तेवढ्या अवधीत रायफल दोनएक मिलिमीटर मागे सरकलेली असते आणि नळी चाबकासारखी थरथरत असते. गोळी सुटण्याच्या क्षणी नळीचे तोंड जिकडे रोखलेले असेल आणि ज्या दिशेने हलत असेल, त्यावर गोळीची वाट ठरते. या कंपनांचा शास्त्रीय विचार नवा नाही. इ.स. १९०१ मध्येच ए. मॅलॉक यांनी रायफलीच्या नळीच्या कंपनांविषयीचे संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते.

एका टोकाला घट्ट धरलेल्या दांडीच्या मोकळ्या टोकावर वजन टांगले, तर दांडी किंचित वाकते आणि तिची थरथर संथ होते. नळीचेही तसेच होते. पाव ते अर्धा किलो वजनाचा सप्रेसर बारीक नळीच्या टोकाला लावला, की गोळी सुटताना नळी पूर्वीपेक्षा वेगळ्या दिशेला रोखलेली असते आणि पुंजका सरकतो, बहुधा खाली. नळीची जाडी येथे फार महत्त्वाची ठरते, कारण ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दीडपट जाडीची नळी पाचपट ताठ असते. म्हणूनच स्पर्धेच्या जाड नळीवर जे सप्रेसर जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक पाडते, तेच हलक्या शिकारी रायफलीवर एक-दोन इंचांचा फरक पाडू शकते.

दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या मोझिन-नागांत रायफलींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८९१/३० या सोव्हिएत आवृत्तीचे झीरो संगीन चढवलेल्या स्थितीत केले जाई. आज संग्राहक ती रायफल संगिनीवाचून मैदानावर नेतात आणि गोळ्या बाजूला का पडतात याचे कोडे त्यांना पडते. रायफल बिघडलेली नसते. नळीच्या टोकावरील वजन काढल्यामुळे पुंजक्याची जागा बदललेली असते.

ट्यूनरची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. १९९०च्या दशकात ब्राउनिंग आणि विंचेस्टर यांच्या रायफलींवर ‘बॉस’ नावाची, खुणा असलेली फिरती साधने बसवली जाऊ लागली. ते साधन पुढेमागे फिरवून आपल्या काडतुसाला जुळणारे स्थान शोधावे, अशी अपेक्षा होती. .२२ रिमफायर बेंचरेस्ट स्पर्धांत ट्यूनर आजही सर्रास दिसतात. त्यामागील तर्क असा: नळीचे तोंड वर उचलले जात असताना गोळी सुटली, तर मंद गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोड्या अधिक उंचीच्या कोनात बाहेर पडते, तिच्या कमी वेगामुळे होणारी घसरण त्यातून भरून निघते. ब्रिटिश ली-एन्फिल्ड रायफली लांब पल्ल्यावर अपेक्षेहून चांगल्या चालत, त्याचे स्पष्टीकरण याच आधारे दिले जाते. तत्त्व खरे आहे. परंतु सेंटरफायर रायफलींवर ट्यूनर फिरवून मिळालेले फायदे पुष्कळदा तीन-पाच गोळ्यांच्या पुंजक्यांवर आधारलेले असतात. असे पुंजके कितपत फसवे असतात, हे पुढे येईलच.

गोळी सुटताना: वायूंचा लोट

गोळीचा तळ नळीच्या कडेपासून सुटतो, तेव्हा तिच्यामागील वायूंचा दाब वातावरणाच्या शेकडो पट असतो. हे वायू गोळीपेक्षा अधिक वेगाने बाहेर उसळतात आणि क्षणभर तिला मागे टाकतात. ते सर्व बाजूंनी समान सुटले तर गोळीचा तोल राहतो. एका बाजूने आधी सुटले तर गोळीच्या तळाला तिरपा धक्का बसतो आणि ती डोलत पुढे जाते. नळीच्या तोंडाची आतली कडा, म्हणजे क्राउन, निर्दोष असावी असा बंदुकीच्या कारागिरांचा आग्रह असतो, तो याचसाठी.

मझल ब्रेक किंवा सप्रेसर वायूंना बाजूला काढतो, त्यामुळे गोळीच्या तळावरील हा मारा सौम्य होऊ शकतो. काही रायफलींचा पुंजका सप्रेसरमुळे थोडा आवळतो, त्याचे हे एक कारण मानले जाते. टोकावरील वजनाने बदललेली कंपने हे दुसरे. क्राउन मुळातच उत्तम असेल, तर पहिल्या कारणाने होणारा लाभ अल्पच राहतो. उलट, साधनाचे छिद्र नळीच्या छिद्राशी एकरेषेत नसेल, तर हीच पायरी सर्वाधिक घातक ठरते. वायू असमान सुटतात, पुंजका विस्कटतो, आणि फरक अधिक असेल तर गोळी साधनाच्या आतील भिंतीला घासते. सप्रेसरच्या बाबतीत याला ‘बॅफल स्ट्राइक’ म्हणतात. त्यात सप्रेसर फुटून आसपासच्या माणसांना इजा होऊ शकते.

गोळी गेल्यानंतर: धक्का आणि माणूस

मझल ब्रेकविषयीची सर्वांत मोठी गैरसमजूत येथे दूर होते. ब्रेकचा जोर वायूंवर चालतो आणि वायू त्यात शिरतात ते गोळी सुटताना. म्हणजे ब्रेक धक्का कमी करू लागतो, तोवर ती गोळी हाताबाहेर गेलेली असते. धक्का घटल्यामुळे त्याच गोळीचा मार्ग सुधारणे शक्य नाही. जो सुधारतो तो माणूस, आणि त्याच्या पुढच्या गोळ्या.

हा लाभ मात्र क्षुल्लक नाही. .३०८च्या काडतुसात गोळी सुमारे ११ ग्रॅमची आणि दारू सुमारे २.८ ग्रॅमची असते. दारूचे वायू गोळीहून पुष्कळ वेगाने बाहेर पडत असल्याने एकूण धक्क्याचा चौथा ते तिसरा हिस्सा त्यांचाच असतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसात दारू अधिक, म्हणून वायूंचा हिस्साही मोठा आणि ब्रेकचा उपयोगही जास्त. .२२ रिमफायरमध्ये गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, तर दारू ग्रॅमच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. तेथे ब्रेक बहुतांशी शोभेचा.

धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणे, खांदा आखडणे, बोट झटकणे हे दोष मोठ्या कॅलिबरच्या रायफलीवर भल्याभल्यांना जडतात. असा दोष असलेल्या नेमबाजाचा पुंजका ब्रेकमुळे स्पष्टपणे लहान होऊ शकतो. शिवाय रायफल जागेवरून फारशी न हलल्याने आपली गोळी कुठे पडली, हे नेमबाजाला स्वतःच्या दुर्बिणीतून दिसते आणि पुढील नेम सुधारता येतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत ब्रेकचा एवढा प्रसार झाला, तो या सोयीमुळे.

त्याची किंमत कानांना मोजावी लागते. रायफलीचा आवाज साधारणपणे १५५ ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो. १४० डेसिबलच्या पुढील एकाच स्फोटानेही श्रवणशक्तीला कायमची हानी पोहोचू शकते. ब्रेक वायूंना मागे वळवत असल्याने नेमबाजाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या कानांवरील मारा आणखी वाढतो. छताखालील मैदानावर तर तो असह्य होतो. धक्क्याची भीती जाऊन तिच्या जागी आवाजाची भीती आली, तर ब्रेकने साधलेले तेथेच निष्फळ ठरते. कानात बोळे आणि वरून कर्णकवच, असे दुहेरी संरक्षण ब्रेक असलेल्या रायफलीजवळ आवश्यक मानावे.

सप्रेसरचे विशेष

हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये सप्रेसरचे अमेरिकी पेटंट मिळाले. चित्रपटांमुळे सप्रेसर म्हणजे नि:शब्द बंदूक अशी समजूत रूढ झाली. वास्तवात तो आवाज साधारणपणे २० ते ३५ डेसिबलने घटवतो, आणि ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाका हवेत तसाच उमटतो. कानांचे संरक्षण मैदानावर त्यानंतरही चालू ठेवणेच शहाणपणाचे.

अचूकतेच्या दृष्टीने त्याचे तीन परिणाम ध्यानात ठेवावेत. गोळीचा वेग क्वचित काही मीटर प्रति सेकंद इतका बदलतो. शिकारीच्या अंतरावर हा फरक नगण्य असतो. सलग गोळ्या झाडल्यावर सप्रेसर तापतो आणि त्यावरून उठणारी गरम हवा दुर्बिणीपुढे मृगजळासारखी लहरते. लक्ष्य जेथे आहे तेथे दिसत नाही आणि दोष रायफलीला दिला जातो. त्यावर कापडी आवरण चढवल्यास हा त्रास कमी होतो. तिसरे म्हणजे स्वयंभरण रायफलीत मागे येणाऱ्या वायूंचा दाब वाढल्याने यंत्रणा अधिक जोरात चालते आणि वायू नेमबाजाच्या तोंडावर येतात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुंजक्याच्या जागेचा. चांगला सप्रेसर काढून पुन्हा लावला, तर पुंजका बहुधा त्याच जागी परत येतो. म्हणून सप्रेसरसह आणि सप्रेसरविना अशी दोन्ही झीरो मोजून, लिहून ठेवता येतात. ही नोंद न ठेवणाऱ्याचे काय होते, ते साध्या हिशेबाने कळते. सप्रेसरसह झीरो केलेली रायफल सप्रेसरविना १०० यार्डांवर २ इंच वर मारत असेल, तर ३०० यार्डांवर हा फरक ६ इंचांचा होतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे ८ इंच व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अवघे ४ इंच. नेम निर्दोष असूनही गोळी मर्मस्थानाबाहेर जाते आणि जनावर यातना भोगत पळते.

जोडणीतील दोष

मुखसाधन लावल्यावर रायफल ‘बिघडली’ अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा जोडणीत असतो. ढिले साधन हे पहिले कारण. तापण्या-थंडावण्याने आटे सैल होतात आणि प्रत्येक गोळीगणिक पुंजका भरकटतो. दुसरे कारण तिरपे बसलेले साधन. ब्रेक योग्य कोनात थांबावा म्हणून दाबाने चेपणारे वॉशर वापरतात. ते असमान चेपले जाऊ शकते, म्हणून सप्रेसर ज्यावर चढायचा आहे त्या साधनाखाली सपाट चकत्या वापराव्यात. तिसरे कारण कॅलिबर न जुळणे. अमेरिकेत .२२३साठी १/२-२८ आणि .३० कॅलिबरसाठी ५/८-२४ हे आटे रूढ असले, तरी आटे जुळले म्हणजे छिद्र जुळलेच असे मानू नये. नळीवर नंतर आटे पाडून घ्यायचे असतील, तर ते छिद्राच्या मध्याशी समकेंद्री असणे अत्यावश्यक आहे. हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

लाभ पडताळावा कसा

एकाच रायफलीतून, एकाच काडतुसाने झाडलेले पाच-पाच गोळ्यांचे दोन पुंजके केवळ योगायोगाने एकमेकांपेक्षा एकतृतीयांशाने लहान-मोठे सहज निघतात. तीन गोळ्यांचे पुंजके तर त्याहूनही चंचल. दहा गोळ्यांचा पुंजका त्याच रायफलीच्या तीन गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने सुमारे १.६ पट मोठा असतो. म्हणून जाहिरातीतील तीन गोळ्यांचे छायाचित्र पुरावा ठरत नाही.

घरच्या घरी विश्वासार्ह चाचणी करायची, तर एकाच खेपेची काडतुसे घ्यावीत. साधनाविना दहा, साधनासह दहा, पुन्हा साधनासह दहा आणि शेवटी साधनाविना दहा, असा क्रम ठेवावा, म्हणजे नळीचे तापणे आणि नेमबाजाचा थकवा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. दोन पुंजक्यांमध्ये नळी थंड होऊ द्यावी. पुंजक्याचा आकार आणि मध्य वेगवेगळे नोंदवावेत. दोन्ही फेऱ्यांत फरक एकाच दिशेने आणि ठळक दिसला, तरच तो साधनाचा मानावा.

ऑलिंपिक मैदानावर

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले; कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद पटकावले. या प्रकारात १० गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तरीही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलींवर मझल ब्रेक आणि कम्पेन्सेटर यांना मनाई आहे. नळीपुढे जोडलेली लांब नळी तेथे दिसते, परंतु तिला छिद्रे नसतात. तिच्यामुळे पुढील आणि मागील दृष्टिसाधनांतील अंतर वाढते व नेम अधिक बारकाईने धरता येतो. उत्तम नळी, जुळणारी काडतुसे आणि सराव यांच्या बळावर किती पल्ला गाठता येतो, याचे हे प्रमाण आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेत सप्रेसर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येतो. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला असला, तरी नोंदणी आणि पूर्वपरवानगी कायम आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्स यांसह आठ राज्यांत सामान्य नागरिकांना तो बाळगता येत नाही. काही राज्यांत स्वयंभरण रायफलींवरील फ्लॅश हायडर, आणि न्यूयॉर्कमध्ये मझल ब्रेकदेखील, रायफलीला निषिद्ध वर्गात टाकू शकतो.

एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांनी आधी मूळ प्रश्न सोडवावा. संघराज्याच्या कायद्याने त्यांना बंदूक वा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. निर्णयापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. तसेच आवाज किंवा ज्वाला कमी करणारे साधन भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेतच मोडते. गावाकडच्या नेमबाज मित्रासाठी असा तुकडा सामानातून नेणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो.

निवड करताना

मोठ्या कॅलिबरचा धक्का सोसवत नसेल, तर ब्रेक खरा उपयोगी पडतो. कानांची आणि शेजाऱ्यांची काळजी असेल आणि राज्याचा कायदा अनुकूल असेल, तर सप्रेसर उत्तम. पुंजका मुळातच मोठा असेल, तर आधी क्राउन, दुर्बिणीची बैठक, दस्त्याचे स्क्रू आणि काडतुसे तपासावीत. मुखसाधन हा त्यावरचा उपाय नाही. आणि कोणतेही साधन चढवले, उतरवले किंवा बदलले, की रानात जाण्यापूर्वी मैदानावर जाऊन झीरो पुन्हा तपासावे. त्यासाठी लागणारी दहा काडतुसे हा या सर्व व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.